जयाच्या खांद्याखालची देवी

त्या हंगामात फुलसावंगीजवळच्या तांड्यावर आधी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि तिच्यामागून, ती कधी हटेल हे देवीला पुसायला, गर्दी. धावजीच्या ओसरीत त्याच्या एकोणीस वर्षांच्या जयाला पाटावर बसवलं होतं. टिकाराम महाराज तिचा डावा हात वर धरून "बोल माय, कौल दे!" असं ओरडत आणि तिच्या खांद्याखालचं मांस टणटण उडू लागे. मग डोळे पांढरे. मग नारळ.

जयाच्या हृदयाला जन्मतः भोक होतं. लहानपणी नागपुरात ऑपरेशन झालं, तेव्हा ठोके चालवायला डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली पेसमेकरची डबी बसवली होती. हे तांड्याला ठाऊक होतं. महाराजांच्या मते देवीनं आयती जागा हेरली होती.

"बा, मले दवाखान्यात ने. अंधारी येऊन राह्यली."

"देवीले पुसल्याबिगर?" धावजी म्हणाला.

पुसायचं म्हणजे हात वर. हात वर म्हणजे पोर बेशुद्ध. बेशुद्ध म्हणजे देवी नाही म्हणते. हा कौल दोनदा घेऊन झाला होता.

रुपीबाईनं, जयाच्या आईनं, गुपचूप फुलसावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शाल्मलींना बोलावलं. त्या आल्या तशी जयाच म्हणाली, "महाराज, उजव्या हातानं पुसा ना. त्यानं काईच होत नाही."

महाराजांनी उजवा हात उचलला. देवी गप्प.

"देवी डावरी हाय," महाराज म्हणाले. गर्दीला पटलं.

डॉक्टरांनी रुपीबाईची बोटं जयाच्या उजव्या मनगटावर ठेवली. "लागते नाडी?"

"लागते."

तेवढ्यात महाराजांनी डावा हात खेचून वर केला. मांस उडालं, जयघोष झाला.

"नाडी गेली!" रुपीबाई किंचाळली. "सोड मुडद्या, माह्या पोरीचा हात!" तिनं महाराजांना ढकललं. हात खाली आला, नाडी परतली.

"डबीतून हृदयात तार जाते," डॉक्टर म्हणाल्या. "पोर वाढली, तार ताणली गेली, तिच्यावरचं वेष्टण फाटलं. हात वर केला की वीज हृदयाऐवजी मांसात जाते. तुम्ही कौल घेत होता, तिचं हृदय थांबत होतं. धावजी, आता कोणाला पुसता?"

धावजीनं पोर उचलली.

डॉक्टरांसोबत आलेल्या ॲम्ब्युलन्सचं दार लागेना. गर्दीतल्या चंदाबाईनं मुंडकं आत घातलं होतं. "जया, जाता जाता एकडाव हात वर कर ना माय. अळी हटन का?"

बायांनो, बाप्यांनो, कोणाच्या अंगात काही आलं, तर पाया पडण्याआधी मनगट धरा.