त्याचं तोंड काढून टाका

बायनाबाईच्या पत्राला मुखरूभाऊंनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणावं तर तसंही नाही. होळीच्या आधी आलेलं ते पोस्टकार्ड टेबलावर पडून होतं आणि भाऊ रोज त्याच्यावर कुठलं तरी पुस्तक ठेवून ते झाकत होते. पत्र असं होतं:

‘मुखरूभाऊ, तुमच्या पानावर त्याचं तोंड काऊन लावलं? आमी बाया मोहफुलं येचाले निघतानी त्याचं नाव घेत नाई, नुसतं मोठा म्हनतो. तुमी तर तोंडच दाखवून राह्यले. इथी नेट धड चालत नाई. ते तोंड हळूहळू उतरते. आंधी कान, मंग कपाळ. डोळे यायच्या आंधीच बाया मोबाईल बंद करते. बातमी खाली राह्यते, ते कोनी वाचत नाई. त्याचं तोंड काढून टाका. बायनाबाई, पळसटोला.’

भाऊ जन्मभर सावली गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. माणसाशी बोलायचं म्हटलं की ते पुस्तकात तोंड खुपसायचे. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचूनच ते वेबसाइट करायला शिकले आणि त्यांनी एक साधं पान सुरू केलं. जंगलकाठच्या कोणत्या गावाजवळ वाघ दिसला, एवढीच त्यावर बातमी, आणि तळाशी भाऊंचा फोन नंबर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुठल्या कुठल्या मुलखातले वाघ फिरत, त्यामुळे खऱ्या वाघावरही कोणी विश्वास ठेवेनासं झालं होतं. भाऊंच्या पानाला ना नाव नोंदवायची अट, ना पासवर्ड. कोणाच्याही जुन्यापान्या मोबाईलवर ते उघडावं, एवढीच त्यांची इच्छा. वनरक्षक लोकेश फोनवर सांगे आणि भाऊ लिहीत.

दिवाळीत पुतण्या प्रफुल आला. पान पाहून हसला. “काका, हे काय कोरडं ठक्क! लोकायले वाटंल ग्रामपंचायतीची नोटीस हाय.”

भाऊंना स्वतःच्या कुठल्याच कामाची खात्री नसे. प्रफुलने पानाच्या माथ्यावर वाघाचा भलामोठा फोटो लावून दिला. सावलीत नेट चांगलं, त्यामुळे तो चुटकीसरशी उघडे. दिसेही देखणा.

पत्राला उत्तर द्यायला भाऊ कितीदा तरी बसले. ही अंधश्रद्धा आहे असं लिहावं, तर जंगलात आयुष्य काढलेल्या बाईला शहाणपण शिकवणारे आपण कोण? काढतो म्हणावं, तर प्रफुलला काय सांगायचं? कागद फाटत राहिले आणि फोटो जागच्या जागी राहिला.

आणि एक दिवस झुंजूमुंजू होताना लोकेशचा फोन आला. आवाज दबलेला.

“भाऊ, पळसटोल्याच्या नाल्यात गाय मारली त्यानं. तिथीच बसून हाये. मोहाची झाडं जवळच हायेत. मी नाल्याच्या या अंगाले हावो, तिकडं जाता येत नाई मले. पानावर टाका लवकर.”

“गावात कोणाला फोन...”

“कोनाचाच लागून नाई राह्यला. तळ्याच्या उंच पाळीवर चढलं तरच रेंज भेटते. बाया तिथी चढून तुमचं पान पाह्यते आन् मंग मोहावर जाते. टाका भाऊ, उजाडून राह्यलं!”

भाऊंनी बातमी टाकली. आता हायसं वाटायला हवं होतं. पण टेबलावरच्या पुस्तकाखालून पोस्टकार्डाचा कोपरा दिसला आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यांनी बायकोचा जुना मोबाईल उचलला आणि न्हाणीमागच्या कोपऱ्यात गेले. तिथे रेंज जेमतेम येई. पान उघडायला घेतलं. चकरी फिरत राहिली. मग वरून दोन कान उतरले आणि थांबले. मग कपाळावरचे काळे पट्टे, एकेक करून. चित्र उघडत नव्हतं, कोणीतरी दबकत पुढे सरकत होतं. पिवळे डोळे दिसले तसा भाऊंनी मोबाईल पालथा केला. सावलीच्या भर वस्तीत, स्वतःच्या अंगणात. मग पाळीवर उभ्या असलेल्या बाईनं काय करावं?

ते धावतच आत आले.

“काय झालं जी?” सुगंधाबाई चुलीपासून ओरडल्या. “चहा थंडा होऊन राह्यला. भूत पाह्यलं का?”

भाऊ तडक कॉम्प्युटरपुढे बसले. घाईघाईत फोटो पुसता पुसता बातमीसकट अख्खं पानच पुसलं गेलं. समोर नुसता पांढरा पडदा. क्षणभर त्यांना वाटलं, संपलं. मग त्यांनी ‘वाघ’ लिहिलं, खोडलं. उभी हयात दुसऱ्यांचं शुद्धलेखन सुधारणाऱ्या त्या माणसानं लिहिलं:

‘बायनाबाई, मोठा नाल्यात बसला हाये. मोहावर कोनी जाऊ नका. घरी फिरा.’

पान पुन्हा नेटवर गेलं. भाऊ पडद्याकडे बघत राहिले. खिडकीबाहेर चांगलंच फटफटलं होतं.

फोन वाजला. नंबर अनोळखी. अनोळखी नंबर भाऊ कधीच उचलत नसत. आज तर त्याकडे बघवेना. अशा वेळी कोण फोन करणार? आणि सांगणार तरी काय?

“उचला ना,” सुगंधाबाई दारात येऊन म्हणाल्या. “खाऊन नाई टाकत तो फोन.”

भाऊंनी उचलला.

“मुखरूभाऊ का?” बाईचा आवाज. मागे वारा घोंघावत होता.

“हो... मीच.”

“मी बायनाबाई. आज उचलला बापा फोन! मांगं किती लावला, मनून तं कार्ड धाडलं. मले वाटलं, भाऊ मुकेच हायेत.”

“तुम्ही कुठे आहात?”

“पाळीवर. आंधी ते कानच दिसले, बंद केलं. रीता मने, येक डाव अजून पाहू. पाह्यलं, तं कान नाई न् तोंड नाई, सरळ माझंच नाव! पन कांता पुढं निंगून गेली होती, नाल्याच्या वाटंनं. हाका मारून मारून घसा बसला माझा.”

भाऊंनी टेबलाची कड घट्ट धरली. “आली का ती?”

बायनाबाई हळूच म्हणाली, “आली. इथी बसून हाये, थरथरून राह्यली. हाडं फुटल्याचा आवाज आयकला तिनं.”

भाऊंनी पुस्तकाखालचं पोस्टकार्ड ओढून काढलं.

“हालो? भाऊ?”

“मी... मी तुम्हाला लिहितो,” भाऊ कसंबसं म्हणाले.

“लिवा. पन या डावं पेटीत बी टाका.”

दुपारी लोकेशचा फोन आला. मोठा नाल्यातून हलला नव्हता. मोह उद्याही पडणार होता, आणि बाया किती दिवस घरी बसणार? भाऊंनी कार्ड लिहिलं:

‘बायनाबाई, तोंड काढलं आहे. पुन्हा लावणार नाही. पान लवकर उघडलं नाही, तर मला फोन करा. मी उचलीन.’

शेवटचं वाक्य वाचून त्यांना धडकी भरली. खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही. चपला घालून ते भर उन्हात पोस्टापर्यंत चालत गेले आणि कार्ड लाल पेटीत टाकलं.