आधी तुम्ही बसा

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५, सकाळचे साडेदहा. तंत्रमहाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या उपाहारगृहात खुर्च्या चाळीस आणि बसलेले गिऱ्हाईक एक. त्या एकालाही गिऱ्हाईक म्हणणे कठीण होते, कारण ते मालकाच्या बहिणीचे यजमान होते आणि चहाचे पैसे त्यांच्याकडून कधीच कोणी घेतले नव्हते.

हे गृहस्थ महाविद्यालयाच्या जोडारी कार्यशाळेत निदेशक होते. निवृत्तीला आता नऊ वर्षे झाली होती, तरी समोर ठेवलेली बशी टेबलाच्या कडेला समांतर नसली तर त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव ‘ओळंबा’ ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

“भाऊजी, अजून वेळ गेलेली नाही,” मेहुणा काउंटरमागे ग्लास पुसत म्हणाला. “फोन करा आणि सरळ सांगा तुमच्या जुन्या पोरांना. एक वाजता गुपचूप खुर्चीवर बसून राहा म्हणावं, एवढंच.”

“मग ते माप कसलं? ती मांडणी झाली.”

“बरं मग, मांडणी तर मांडणी! माझं दुकान जातंय इथं.”

“म्हणूनच माप खरं हवं. उद्या कोणी बोट दाखवलं तर?”

“बोट दाखवायला माणूस आत यावा लागतो,” मेहुणा म्हणाला आणि त्याने पुढचा ग्लास उचलला.

जागा महाविद्यालयाच्या मालकीची होती. करार महिनाअखेरीस संपत होता आणि व्यवस्थापनाला तिथे झेरॉक्स व स्टेशनरीचे दालन करायचे होते. सप्टेंबरातल्या बैठकीत सगळे आपापली मते मांडत असताना निदेशकांनी उभे राहून सांगितले होते की मते नकोत, माप घ्या. या जागेचा उपयोग होतो की नाही, ते मोजून ठरवा. सभेला ते पटले. मोजणीची अट लिहून द्यायचे कामही त्यांच्याकडेच आले. त्यांनी एका वाक्यात ती लिहिली: ठरलेल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, दुपारी ठीक एक वाजता, आतल्या खुर्च्यांवर बसलेले ग्राहक मोजावेत, तीस भरल्यास करार तीन वर्षे वाढवावा. ‘बसलेले’ हा शब्द त्यांनी विचारपूर्वक घातला होता. उभा माणूस हलतो आणि दोनदा मोजला जातो. ठरलेला दिवस आजचा होता.

त्या रस्त्यावर बसून खाण्यापिण्याची ही एकच जागा उरली होती. चढावरच्या बारमध्ये लाकडी जिना होता आणि वरच्या मजल्यावर बिलियर्डचे टेबल. तिथे आता शिकवणीचे वर्ग भरत. कोपऱ्यावरच्या कॅफेची मालकीण परीक्षेच्या दिवसांत कॉफीत साखर जास्त घालायची; तिच्या काउंटरच्या जागी मोबाईलच्या काचांचे कपाट उभे होते. निळ्या दाराच्या खानावळीचे तर दारही राहिले नव्हते. निदेशक रोज सकाळी त्या रस्त्याने फिरत आणि प्रत्येक जागेपाशी त्यांची पावले आपोआप मंदावत. एखादी जागा बंद झाली की ते म्हणत, चालवणाऱ्याचा हिशेब चुकला असेल. अलीकडे त्यांनी तसे म्हणणे सोडले होते.

मेहुण्याच्या या जागेची मात्र एक रीत होती आणि ती निदेशकांच्या सासूबाईंनी, म्हणजे पोरांच्या ‘आजीं’नी, घालून दिली होती. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. दोनशे पोरे आणि खुर्च्या चाळीस. सासूबाई भरल्या टेबलापाशी येऊन उभ्या राहत आणि विचारत, “तुला पुढचा तास आहे का रे? नाही ना? मग ऊठ बाबा, मागं जा.” ज्याला तास नाही त्याने आपला ग्लास उचलायचा आणि मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशी उभ्याने उरलेले संपवायचे. पहिल्या वर्षाच्या पोरांना त्याचा राग येई. तिसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत ती सांगण्याआधीच उठत. सासूबाई गेल्या, पण रीत चालत राहिली, आणि निदेशकांना तिचे फार कौतुक होते.

साडेबाराला माणसे येऊ लागली. निदेशकांनी पन्नाससाठ जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले होते आणि फक्त “गुरुवारी दुपारी जेवायला या” एवढेच सांगितले होते. कोणी दोन तास गाडी चालवून आला होता, कोणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून. सर्वांत आधी ‘जिराफ’ आला. महाविद्यालयात असताना दाराच्या चौकटीला डोके आपटणारा तो मुलगा आता लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि आत येताना अजूनही मान वाकवत होता.

“सर! तुम्ही तसूभरही वाकला नाहीत हो!”

“तू वाकलास ना, पुरे झालं. बस.”

जिराफ बसला. सूप आले, पाव आला, ताकाचा थंड ग्लास आला. त्याच्या मागोमाग एक ठेकेदार, दोन बहिणी, पायाला प्लास्टर घातलेला एक वर्गमित्र, मग एकदम दहाबारा जण. हसणे, खांद्यावर थापा, “टक्कल शोभतं हो तुला.” पावणेएकला आतल्या सगळ्या खुर्च्या भरल्या. मेहुण्याने काउंटरवरून निदेशकांकडे पाहून भुवया उडवल्या. निदेशकांनी चेहरा सरळ ठेवला, पण टेबलाखाली त्यांचा पाय ताल धरत होता.

मग सुट्टीची घंटा झाली आणि दारात आठ विद्यार्थी येऊन उभे राहिले.

जिराफाने त्यांच्याकडे पाहिले. त्याने अर्धा पाव तोंडात कोंबला, ग्लास उचलला आणि उठला. “बसा रे, तास असेल तुम्हाला.” त्याच्यामागे ठेकेदार उठला. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बहिणी उठल्या. पाहता पाहता चाळिशी-पन्नाशीची ती सारी मंडळी, कोणी न सांगता, आपापले ग्लास छातीशी धरून, एकमेकांना वाट देत मागच्या दाराकडे निघाली. त्यांच्या चेहऱ्यांवर किती आनंद होता! शहाण्यासारखे वागल्याचा आनंद. आठ विद्यार्थी बसले. दोन तरुण अध्यापक बसले. प्लास्टरवाला उठू पाहत होता, त्याला सगळ्यांनी दाबून बसवले. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण बाहेरून येणारा प्रत्येक जुना माणूस आत डोकावून “पोरांना होऊ दे” म्हणत बाजूच्या बोळाने थेट अंगणात जात होता. मागाहून विद्यार्थ्यांचा आणखी एक घोळका आला, बोळातली गर्दी पाहून “इथं काहीतरी कार्यक्रम दिसतोय” म्हणाला आणि वसतिगृहाच्या नव्या भोजनदालनाकडे वळला.

एकला चार मिनिटे होती. निदेशक आयुष्यात प्रथमच धावल्यासारखे मागच्या दारापाशी गेले.

“आत चला. सगळे. बसा आत.”

“आधी तुम्ही बसा, सर!” टाकीजवळून कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

“अरे, ऐका माझं. आत खुर्च्या रिकाम्या आहेत.”

“राहू द्या हो. आजी असत्या तर कान धरून बाहेर काढलं असतं आम्हाला. इथंच बरं वाटतंय.”

मांडणी म्हणा, लबाडी म्हणा, पण आता स्पष्ट सांगायचेच, असे ठरवून त्यांनी तोंड उघडले. इतक्यात मेहुण्याची हाक आली. “भाऊजी, बाई आल्यात.”

महाविद्यालयाच्या मालमत्ता विभागाची अधिकारी मोजणीसाठी उंबऱ्याशी उभी होती. ती त्यांचीच विद्यार्थिनी. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग खुर्च्यांकडे, मग मागच्या दारातून येणाऱ्या हशाकडे, आणि तिचा चेहरा उतरला.

“बाहेर बरीच माणसं आहेत, सर.”

“ती धरा,” निदेशक म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “ती याच जागेची माणसं आहेत. इथलंच खाताहेत. धरा ती.”

“मला धरायची आहेत हो. पण अटीत ‘आतल्या खुर्च्यांवर बसलेले’ असं आहे. वाक्य तुमचं आहे, सर. मी कमिटीला काय सांगू?”

हे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर त्यातली चूक निदेशकांनी पहिल्या वाचनात दाखवली असती. जी रीत ते आयुष्यभर पाहत आले आणि जिची तारीफ करत आले, तिलाच त्यांनी मापाबाहेर ठेवले होते.

“ताई, तुम्ही मोजा,” मेहुणा शांतपणे म्हणाला. “भाऊजी, सरका जरा, दार अडवू नका. बाहेर ग्लास रिकामे झालेत.” तो ट्रे घेऊन अंगणात गेला. तिथे जिराफ मोठ्याने विचारत होता की दर वर्षी असेच जमायला काय हरकत आहे, आणि सगळे त्याला हो म्हणत होते.

अधिकारी बाईंनी एकेका टेबलापाशी थांबून मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि आकडा लिहिला.

बसलेले ग्राहक: अकरा.