दरबार शुद्धीवर येईपर्यंत

"माझ्या इराणात एक चूक काढून दाखवा, मी नोकरी सोडून कांदे विकायला बसतो," असं सनावळीनं सोमवारच्या बैठकीत भरल्या खोलीत सांगितलं आणि खुर्चीवर मागे रेलला.

सनावळी हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कॉम्प्युटरवर लढाया खेळायचे गेम बनवणाऱ्या कंपनीत तो मोहिमा आखायचा. राजा कुठून निघणार, वाटेत नदी कुठे, घाट कुठे, शत्रू कुठल्या टेकडीमागे दबा धरून बसणार, हे सगळं तो ठरवायचा. जेवलास का विचारलं तरी उत्तराच्या आधी इसवी सनापूर्वीचं एखादं साल सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून ऑफिसनं त्याचं बारसं नव्यानं केलं होतं. सध्या त्याच्या हातात प्राचीन इराणची मोहीम होती आणि स्वर्ग दोन बोटं उरला होता.

बैठकीत प्राध्यापकबाई पडद्यावरून हजर होत्या. विद्यापीठात जन्मभर प्राचीन इराण शिकवून निवृत्त झालेल्या ह्या बाईंना कंपनीनं सल्लागार म्हणून धरलं होतं. कॅमेरा कसा लावायचा हे त्यांना कधीच जमलं नाही, त्यामुळे पडद्यावर फक्त कपाळ दिसायचं. त्या कपाळानं अगदी मऊ आवाजात विचारलं, की मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये घोडेस्वारांचे पाय खोगिराला टांगलेल्या रिकिबीत कसे काय? त्या भागात रिकीब यायला अजून जवळजवळ हजार वर्षं आहेत.

पोस्टर सनावळीनंच पास केलं होतं. भिंतीवर खिळाही त्यानंच ठोकला होता.

सगळ्यांनी छताकडे बघितलं. साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, शेजाऱ्याला कांद्याचा भाव विचारला.

आता शहाण्या माणसानं रिकिबी पुसून गप्प बसायचं. पण सनावळीला चारचौघांत कुणी चूक दाखवली की त्याच्या अंगात यायचं. त्यानं त्याच दिवशी सगळ्या गेममधून रिकिबी काढायला लावल्या. प्रोग्रामरबाईनं सांगून बघितलं, की अरे बाबा, स्वार घोड्याला पायानं जोडलेत, हात लावू नकोस. ऐकतो कोण. रिकिबी गेल्या. संध्याकाळी चाचणीला घोडदळ उधळलं ते नुसते घोडेच पुढे गेले. स्वार मागे हवेत, मांड्या फाकवून, भाले रोखून, जिथल्या तिथे बसलेले. शत्रूचं पायदळ त्यांच्या खालून निघून गेलं.

मग त्याची नजर बाजारावर गेली. राजधानीच्या बाजारात टोमॅटोचे ढीग होते, आणि टोमॅटो त्या खंडात पोचायला अजून दोन हजार वर्षं होती. टोमॅटो काढले. पण शहरातली जनता खूश आहे की नाही हे गेम त्या टोमॅटोंवरूनच मोजत होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळ्या साम्राज्यात एकदम बंड झालं. राजाला त्याच्याच स्वयंपाक्यानं पकडून दिलं. प्रोग्रामरबाईनं टोमॅटोच्या जागी डाळिंबं घातली तेव्हा कुठे लोक घरी गेले.

ह्या सगळ्याला एक बघ्या होता, तो म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा ड्रॅगनवाला. ड्रॅगनवाला सनावळीचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला ह्या नोकरीत चिकटवला सनावळीनंच, म्हणजे घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसलं प्रकरण. त्याच्या गेममध्ये ड्रॅगन होते, ते आग ओकायचे आणि लोक मरायचे. सल्लागार नाही, कपाळ नाही.

"भावोजी," तो टेबलावरून वाकून म्हणाला, "माझ्या ड्रॅगनला किती दात असावेत हो? इतिहासात काही सापडलं तर कळवा."

तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि त्यांनी दोघांना उभ्या उभ्याच निर्णय सांगितला. कंपनीला एकच गेम बाजारात आणायला परवडेल. शनिवारी गेमचं प्रदर्शन आहे, तिथे मोठ्या वितरक बाई येणार आहेत. दोन्ही गेम शेजारी शेजारी मांडायचे. बाई जो गेम शेवटपर्यंत खेळतील तो राहील. ज्याचा राहणार नाही त्यानं दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं.

घरी बायकोला दोन्हीकडून बातमी आधीच पोचली होती. तिनं ताट वाढता वाढता आपली बाजू मांडली.

"अहो, तो हरला तर माझा भाऊ आहे, तुम्ही हरलात तर माझे नवरे आहात. मला दोन्ही चालेल. फक्त जो हरेल त्यानं इथे येऊन तोंड पाडून बसायचं नाही. मी दोन तोंडं बघायला बसलेली नाही."

मेहुण्याच्या हाताखाली, हे दोन शब्द आठवले आणि सनावळीनं ताट पुढे सरकवलं. त्यानं ठरवलं, आता असं काहीतरी घालायचं की वितरक बाई खुर्चीवरून उठताच कामा नयेत. आणि ते त्याला सापडलं.

एका जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की इराणी लोक महत्त्वाच्या गोष्टी दारू पिऊन ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तीच गोष्ट पुन्हा तपासायचे. दोन्ही वेळा पटली तरच करायची. सनावळीला हे इतकं आवडलं की त्यानं मोहिमेचा तो नियमच करून टाकला. खेळणाऱ्यानं हुकूम द्यायचा, दरबारानं प्यायचं, ठरवायचं, झोपायचं, उठायचं, पुन्हा ठरवायचं. मग सैन्य हलणार. साहेबांना तर कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी ती पुन्हा एकदा ऐकवायला सांगितली.

प्राध्यापकबाईंचं कपाळ मात्र आठ्यांनी भरलं. त्या म्हणाल्या, हे ग्रीकांनी लिहिलेलं आहे. ज्यांच्याशी मारामाऱ्या झाल्या त्या शेजाऱ्यांनी आपल्याबद्दल सांगितलेलं किती खरं मानायचं, हे आपल्या आळीतल्या कुणालाही विचारा. आणि मानायचंच असेल तर निदान अर्धवट तरी मानू नका. तोच इतिहासकार पुढे सांगतो, की शुद्धीत ठरवलेलं असेल तर ते मग पिऊन तपासायचे.

बाईंना वाटलं, आपण समज दिली. सनावळीला वाटलं, नवीन माहिती मिळाली. त्यानं धावत जाऊन प्रोग्रामरबाईला तोही नियम घालायला लावला.

"म्हणजे पिऊन ठरवलेलं शुद्धीत तपासायचं," ती म्हणाली, "आणि शुद्धीत ठरवलेलं पिऊन तपासायचं."

"बरोब्बर."

"मग ते तपासून झाल्यावर ते पण ठरवलेलंच झालं की."

"इतिहासात जसं आहे तसं घाल," सनावळी म्हणाला.

तिनं जसं आहे तसं घातलं. जो माणूस तीन दिवसांत रिकिबी, टोमॅटो आणि दरबार घेऊन आलाय त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा टाइप केलेलं बरं, असा तिचा अनुभव होता. चाचणी करायला वेळ उरला नाही, कारण सनावळी शुक्रवारभर राजाच्या दाढीचे कुरळे केस मोजून घेत होता.

शनिवारी प्रदर्शनात दोन टेबलं चिकटून मांडली होती. एकावर इराण, एकावर ड्रॅगन. टेबलांखाली वायरींचा नुसता गुंता. वितरक बाई आल्या, आधी इराणसमोर बसल्या. राजधानी बघून त्या छान म्हणाल्या. डाळिंबं बघून छान म्हणाल्या. ड्रॅगनवाल्याचा चेहरा उतरला. मग बाईंनी सैन्याला कूच करायचा हुकूम दिला आणि दरबार प्यायला बसला.

दरबारानं पिऊन कूच ठरवली. सकाळी शुद्धीत पुन्हा ठरवली. पण शुद्धीत ठरवलेलं पिऊन तपासायला हवं, म्हणून पुन्हा प्यायले. पिऊन ठरवलेलं शुद्धीत तपासायला हवं, म्हणून पुन्हा झोपले. सगळ्यांचं सगळ्या वेळी एकमत होतं. असा एकदिलाचा दरबार जगाच्या इतिहासात झाला नसेल, पण एकही उंट जागचा हलला नाही.

आजूबाजूला माणसं जमली. कुणीतरी हसायला लागलं. सनावळी बाईंच्या कानाशी लागून सांगत होता, की आता होईलच, ह्या खेपेला होईल. बाईंनी जांभई दिली, हे सुरू होईपर्यंत जरा तिकडे बघते म्हणाल्या, आणि शेजारच्या टेबलावर सरकल्या. तिथे ड्रॅगन पहिल्याच मिनिटाला आग ओकत होता.

प्रोग्रामरबाई खाली बसून लॅपटॉपवर नियम खरवडत होती. अखेर तिनं दुसरा नियम उपटून फेकला. दरबार उठला. सैन्य निघालं. सनावळीच्या जिवात जीव आला. आता दोन देशांमधला समुद्र ओलांडला की लढाई, आणि लढाई झाली की शेवट. बाईंना परत बोलवायला तो वळला.

समुद्रावर होड्यांचा पूल होता. तो वादळानं मोडला. इतिहासातही मोडला होता, म्हणून सनावळीनं मोडायला लावला होता. सैन्याच्या पुढे राजाची खास तुकडी होती, जिला लोक अमर म्हणत. तिच्यात दहा हजार माणसं कायम असायची, एक पडला की लगेच दुसरा. तेही त्यानं जसंच्या तसं घातलं होतं. तुकडी पाण्यात शिरली. एक बुडाला, किनाऱ्यावर दुसरा उभा राहिला. तोही शिस्तीत पाण्यात शिरला. वरच्या कोपऱ्यात आकडा दहा हजारच दिसत होता.

"हे कधी थांबणार?" साहेबांनी विचारलं.

"नाही थांबणार," प्रोग्रामरबाई म्हणाली. "अमर आहेत ना."

आता गर्दी दोन्ही टेबलांमागे होती. एका बाजूला वितरक बाई शेवटच्या किल्ल्यावर पोचल्या होत्या, ड्रॅगनचं एकच डोकं उरलं होतं, मेहुणा त्यांच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभा होता. दुसऱ्या बाजूला इराणचं सैन्य न संपता बुडत होतं आणि पोरंटोरं मोठ्यानं मोजत होती. साहेबांना हे बघवेना. कंपनीची अब्रू चव्हाट्यावर नको, निदान बाईंचं लक्ष तरी विचलित व्हायला नको, म्हणून ते स्वतः कोट सावरत टेबलाखाली शिरले आणि त्यांनी प्लग ओढला.

तो ड्रॅगनचा होता.