धावण्याआधीचा भात

आमच्या दिव्यानीनं, माझ्या नातीनं, वनरक्षकाच्या भरतीचा फारम भरला. तीन किलोमीटर धावा लागते. पाचव्याच दिवशी पोरगी पुलापाशी वाकून बसली. "आजी, मले नाई जमत. बरगडीखाली दुखते. उद्यापासून येत नाई."

"काऊन? मावशीच्या लग्नात तीन घंटे नाचली, तवा कुठी होती बरगडी?"

"दम पुरत नाई वं. संगं धावणाऱ्या साऱ्या पोरी समोर निघून जातात."

मी मार्कंड्याच्या देवळाच्या रस्त्यावर दगडावर बसून रोज पाहत होती. फाट्यावरून सुटली का कुत्रं मागं लागल्यावानी पळे. पुलावर येता येता साऱ्यांच्या मागं.

"बोलता येते तेवढंच पळ," मी म्हणली. "आम्ही बिडीसाठी तेंदूपत्ता तोडाले उजाडायच्या आत जात होतो. येताना डोक्यावर गाठोडं, ऊन चढायच्या आत गाव गाठाचं. अर्धं चालणं, अर्धं धावणं. माझी सोबतीण सुगंधा सासूले शिव्या देतच दोन कोस येत होती. तिच्या शिव्या थांबल्या का आम्ही साऱ्याजणी पाय हळू करो."

दिव्यानी हसली. "अन् तुमची बरगडी नाई दुखली?"

"नाई."

"काय खाऊन जात होत्या?"

मी आठवून पाह्यलं. काईच खाऊन जात नव्हतो. भात फडक्यात बांधून न्यावा, परत गावापाशी आल्यावर नाल्यावर बसावं, पळसाच्या पानावर भात अन् कांदा. सुगंधा माझ्या पानातला कांदा पळवे. आता सुगंधा नाई, अन् नाल्याले पाणी बी नाई.

अन् मी पाच दिवस पोरीले निघताना ताटभर रातचा बासी भात चारून राह्यली होती! नाई म्हणली तर दटावत होती, "उपाशी पोटी कोणी धावते का?"

पन्नास वर्षांत या घरात मी कोणापुढं चूक कबूल केली नाई. सासूपुढं नाई, सुनेपुढं त नाईच नाई.

"दम आहे तुझ्यात," मी म्हणली. "तो माझा भात दुखून राह्यला."

"म्हणजे चूक तुझी?"

"हळू बोल. रस्त्यानं लोक जातात."

दुसऱ्या दिवशी अर्धं केळं देऊन सोडली. हळू सुटली. पोरी समोर गेल्या, तिनं जाऊ दिल्या. पुलावर थांबली नाई. साऱ्यात शेवटी आली, पण पुरं धावून आली. जोडा काढून टाच दाखवली.

"फोड आला, आजी. उद्या जाड मोजे घालीन."

उद्या म्हणली पोरगी. तिचा दुसरा जोडा मीच ओढून काढला.