रियाज पेंटरचा रशियन अल्बम

मी एक जुना अल्बम आहे, रशियन चित्रकारांच्या चित्रांचा. म्हणजे होतो. आता माझी पाठ मोडली आहे आणि पोटात एकही पान शिवलेलं नाही. तुम्हाला मित्रांनो म्हणावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. ज्यांना मी मित्र समजलो, त्यांनीच माझ्यावर हात टाकला. तेव्हा आधी ऐका.

माझा जन्म मॉस्कोतल्या एका छापखान्यात झाला. जाड गुळगुळीत कागद, कापडी बांधणी. शिश्किनचं पाइनचं जंगल माझ्यात होतं, आयवाझोव्स्कीच्या उसळत्या लाटा होत्या. लेवितानचा ढगांखालचा सुना रस्ता होता. आणि छातीला पट्टे बांधून नदीकाठाने जड नाव ओढणारी रेपिनची माणसं होती.

पुण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात मला रियाज पेंटर यांनी उचललं. कॅम्पातल्या दुकानांच्या पाट्या ते रंगवत. त्यांना रशियन येत नव्हती, मला मराठी येत नव्हती. तरी आमचं जमलं. हात धुऊन, पुसून, मगच ते मला उघडत. आयवाझोव्स्कीची लाट त्यांनी पाण्याच्या टँकरवर मागच्या बाजूला रंगवली, तेव्हा सिग्नलला थांबलेले लोक गाड्यांवरून वाकून बघत. संध्याकाळी ते शहाबाज आणि जोया या आपल्या मुलांना रेपिनचं चित्र दाखवत. म्हणत, "चेहरे बघा. सगळे दमलेत, पण एकाचा थकवा दुसऱ्यासारखा नाही. चित्र काढणं म्हणजे हे ओळखणं."

ते माझे सुखाचे दिवस. फार टिकले नाहीत.

फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम आटलं. रियाजभाईंचा हातही थरथरू लागला. घर चालवायला शहाबाजने कात्रजला फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं. ज्या मशीनने आपलं काम खाल्लं तेच मुलाने आणलं, हे रियाजभाईंनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. एकदा पाहुण्यांनी घर भरलेलं असताना त्यांनी मला जोयाच्या मांडीवर ठेवलं. "हा तुझा. शहाबाजच्या हाताला रंग लागत नाही." शहाबाज तिथेच पाणी देत उभा होता. त्याने पेले खाली ठेवले आणि बाहेर निघून गेला.

रियाजभाई गेल्यावर तो मला घरातून उचलून दुकानात घेऊन आला. मशीनमागच्या फळीवर, शाईच्या डब्यांमध्ये मला कोंबलं. कित्येक वर्षं मला कुणी उघडलं नाही. वाळवी लागली असती तरी तेवढीच सोबत झाली असती.

मग या वर्षी जोया दुकानात आली. ती वाघोलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. तिला मुलांसाठी रशियन चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"भाई, अल्बम दे. अब्बांनी तो मला दिलाय. सगळ्यांसमोर दिलाय."

"सगळ्यांसमोर दिला, म्हणूनच मिळणार नाही," शहाबाज म्हणाला. त्याने मान वरसुद्धा केली नाही.

"तुला त्यातल्या एका तरी चित्रकाराचं नाव आठवतं का?"

"अब्बांची औषधं कुठल्या दुकानातून आणायची, ते आठवतं. तू तेव्हा डिप्लोमा करत होतीस."

ती गेली. त्याने शटर अर्धं ओढलं, मला टेबलावर उताणं पाडलं आणि कटर घेतला. तिच्या प्रदर्शनाआधी हीच चित्रं मोठी छापून एका हॉटेलात लावायची, असं त्याने मनात धरलं होतं. मी स्कॅनरवर सपाट बसत नव्हतो. म्हणून त्याने एकेक पान मुळापासून कापलं. कागदाला ओरडता येत नाही, याचा फायदा माणसं फार घेतात.

दुसऱ्या दिवशी जोया आईला, कमरजहांना, घेऊन आली. टेबलावर पानं पसरलेली होती. जोयाने माझं पुठ्ठ्याचं कव्हर धरलं, त्याने दुसरी बाजू धरली. माझी पाठ कडाकडा मोडली.

"ओढा अजून," कमरजहां शांतपणे म्हणाल्या. "थोडी शिवण शिल्लक आहे."

दोघांचेही हात सुटले. मी फरशीवर पडलो. कमरजहांनी पानं ओढणीत गोळा केली आणि मला काखोटीला मारलं. "आता हा दोघांचाही नाही. चित्रं मुलं बघतील. मग माझ्या कपाटात जातील."

तशी चित्रं शाळेच्या भिंतीवर लागली. मी टेबलावर, रिकामा. मुलांनी कधी बर्फ पाहिलेला नव्हता, तरी साव्रासोवच्या चित्रात बर्फातल्या निष्पर्ण झाडांवर बसलेले काळे पक्षी त्यांनी लगेच ओळखले. म्हणाली, कावळेच. ते अगदी कावळे नाहीत, त्यांचे रशियातले भाऊबंद आहेत, पण मला राग आला नाही.

दुपारी शहाबाज आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो रेपिनच्या चित्रापुढे उभा राहिला. कटर तिथे वाकडा गेला होता. नाव ओढणाऱ्यांपैकी शेवटच्या माणसाची पाठ अर्धी कापली गेली होती.

"बघ नीट," जोया म्हणाली.

"दिसतंय." त्याने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "उन्हात लावलंयस. आठवड्यात रंग उडेल."

"तुला कधीपासून रंगांची काळजी?"

त्याने चित्राचं एक टोक धरलं. तिने दुसरं धरलं. चित्र सावलीतल्या भिंतीवर गेलं. ती चहा घे म्हणाली नाही, तोही थांबला नाही. दोघं अजून बोलत नाहीत.

मी कमरजहांच्या कपाटात आहे. पानं माझ्या पोटात सुटी ठेवली आहेत, आणि कापलेलं परत जोडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही भांडणार, हेही ठाऊक आहे. माणसांना त्यावाचून राहवत नाही. भांडा खुशाल. फक्त त्याआधी हातातलं पुस्तक खाली ठेवा. एवढं केलंत, तर तुम्हाला मित्र म्हणायला माझी हरकत नाही.