आडाला वळसा

एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात मुकादमी करून आकारामनं कोल्हापुरातले इतके रस्ते खणले होते, की कुठल्या पेठेत किती फुटांवर मुरूम लागतो, हे तो चालता चालता सांगायचा. त्यामुळे शुक्रवार पेठेतल्या अरुंद बोळातला सडका लोखंडी पाइप चर न खणता बदलायचा, असं नवी इंजिनिअर दीक्षा म्हणाली, तेव्हा त्याला ते चांगलंच झोंबलं.

"मॅडम, डोळ्याला दिसत न्हाय तिथं पाइप घालणार कसा?"

"बोळाच्या दोन टोकांना दोन खड्डे. मधे मशीन जमिनीखालून वाट करत जाईल आणि परत येताना नवा पाइप ओढून आणेल. घरांच्या जोडण्यांपुरते बारके खड्डे घेऊ." दीक्षा जयसिंगपूरची, बोलायला मऊ. "पण नकाशात नाही असं खाली काय काय आहे, ते तुम्हीच सांगायचं, आकारामदादा."

आकारामनं विजेची केबल दाखवली, जुनं दगडी गटार दाखवलं. बोळात राहणाऱ्या तानाबाईच्या दारासमोरचा बुजवलेला आड मात्र सांगितला नाही. बघू की मशीनला किती अक्कल हाय, असं तो मनात म्हणाला.

सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं. एकामागून एक रॉड जमिनीत शिरू लागले. विश्वजित नावाचा कामगार रॉडचं टोक जमिनीखाली कुठं आहे ते दाखवणारं यंत्र हातात धरून वरून चालत होता आणि त्या टोकाची खोली ओरडून सांगत होता. बाजूनं मोटारसायकली जात होत्या. तानाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

सहा वर्षांपूर्वी याच बोळात चर ढासळून आकारामचा जोडीदार गणपती कमरेपर्यंत गाडला गेला होता. त्याचा पाय कायमचा अधू झाला. आज खाली एकही माणूस नव्हता. हे आकारामच्या ध्यानात आलं. आपण कुणाशी वैर धरलंय?

"सव्वादोन मीटर! सरळ!" विश्वजित ओरडला. तानाबाईचं दार दहा फुटांवर आलं होतं.

"थांबवा! थांबवा म्हंतो की!" आकाराम धावला. मशीन थांबलं. "फुडं आड हाय, मॅडम. दगडानं बांधलेला, वरनं भरलेला. मला ठावं हुतं. मुद्दाम सांगितलं न्हाय."

दीक्षानं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. "डावीकडं जागा किती?"

"हाय चार-पाच फूट. पर जमिनीत वळणार कसं?"

"टोकाला एका बाजूनं उतार आहे. न फिरवता नुसतं रेटलं की ते हव्या त्या बाजूला सरकतं. या, बघा."

चार रॉड मागं घेतले आणि पुन्हा रेटायला सुरुवात केली. "सरकतंय डावीकडं!" विश्वजित म्हणाला. आकाराम त्याच्या खांद्याला खांदा लावून पाऊल पाऊल पुढं जात राहिला. आडाला वळसा पडला.

दुपारी तीनला दुसऱ्या खड्ड्याच्या भिंतीतून चिखल ढकलत टोक बाहेर आलं. ते जिथं निघायला हवं तिथं मारलेल्या चुन्याच्या खुणेपासून जेमतेम वीतभर अंतर. आकारामनं खाली उतरून त्यावरचा गाळ हातानं पुसला.

"आयला, मातीच्या पोटात वळलं की वो हे!" तो हसत सुटला. "आनि तुमी त्याला वळवलं."

"आड तुम्ही सांगितला म्हणून," दीक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काळा नवा पाइप सरसरत बोळाखालून आला. पुढच्या गल्लीत काम निघालं, तेव्हा आकारामनं आदल्या दिवशीच जमिनीखालच्या साऱ्या अडथळ्यांच्या खुणा मारून ठेवल्या आणि विश्वजितपुढं हात केला.

"यंत्र हिकडं आन. खोली कशी वाचायची, शिकीव मला."