सुलक्षणाच्या कार्डावरचा शब्द

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. गिरगावातल्या एका छापखान्यात माझी पाने छापली, सुईदोऱ्याने शिवली आणि वर लाल कापडी पुठ्ठा चढवला. श्यामकांत सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा साहेबांना इंग्रजीत टिपणे लिहून द्यावी लागत, म्हणून त्यांनी मला विकत घेतले. मुलुंडच्या त्यांच्या घरी माझा मोठा मान होता. शेजारची मुलेसुद्धा शब्द विचारायला येत. "ह्या पुस्तकाने माझी नोकरी टिकवली," असे श्यामकांत पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी सुखावून जाई.

मित्रांनो, पुढे मोबाईल आला. माझ्याकडे कुणी फिरकेना. खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवू लागले. उन्हाने पाठ फिकी पडली. तरी रोज एक हात मला न चुकता पुसत असे. तो सुलक्षणा परब यांचा. त्या भांडुपहून येत आणि या इमारतीत चार घरी काम करत.

एके सकाळी त्या आल्या ते गळ्यातले नवे कार्ड काढत. सोसायटीने कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना ती कार्डे दिली होती. फोटो, घराचा नंबर आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द.

"काकू, मेड म्हणजे काय ओ?" त्यांनी श्यामकांतांच्या पत्नी मृणालिनीकाकूंना विचारले.

काकू अडखळल्या. "म्हणजे... कामाला येणारी."

"असं नको. ह्या जाड्या पुस्तकात बघा. रोज पुसते मी ह्याला, एकदा उघडून तरी दाखवा."

किती वर्षांनी कुणीतरी मला उघडले! काकूंनी चष्मा लावून वाचले, "मेड. एक, कुमारिका, अविवाहित मुलगी. दोन, मोलकरीण."

सुलक्षणाबाई हसत सुटल्या. "कुमारिका? माझी पोरगी कॉलेजात आहे काकू! घरी सांगितलं तर नवरा जेवायचा नाही आज."

श्यामकांत आरामखुर्चीतून म्हणाले, "जुना अर्थ आहे तो. पूर्वी तिकडे लग्न न झालेल्या मुली घरकामाला ठेवत. मग कामालाच तो शब्द चिकटला." त्यांनी मला मांडीवर घेतले, पाने उलटली आणि एका शब्दावर बोट ठेवले. "हे बघ, सर्व्हंट. म्हणजे नोकर. मीसुद्धा सर्व्हंटच होतो, पब्लिक सर्व्हंट. पस्तीस वर्षं."

"तुमचं पण कार्ड होतं?"

"होतं ना."

"त्यावर नाव होतं?"

"होतं की," म्हणत श्यामकांतांनी हात पुढे केला. सुलक्षणाबाईंचे कार्ड त्यांनी उलटसुलट करून पाहिले. नाव कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या कार्ड न घालता आल्या. वॉचमनने फाटकातच अडवले. कामाला येणाऱ्या आणखी तिघी त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. चारी घरे हातची जातील, ही भीती सुलक्षणाबाईंना होतीच. पण त्या हलल्या नाहीत. हे कळताच मृणालिनीकाकू मला काखेत घेऊन खाली उतरल्या. कितीतरी वर्षांत मी जिना उतरलो नव्हतो!

सोसायटीचा तरुण सेक्रेटरी धवल तिथे उभा होता. "काकू, सगळीकडे हेच लिहितात. मेड काही वाईट शब्द नाहीये."

काकू मला उघडणार, तोच सुलक्षणाबाई पुढे झाल्या. "वाईट कोण म्हणतंय? शब्द राहू दे पुस्तकात. पण आम्ही अठरा जणी येतो, अठराही मेडच. माझा नाव खंय?" रागाच्या भरात त्यांच्या तोंडून मालवणी आले. "कुठे आहे माझं नाव? नऊ वर्षं येते मी. तुमच्या आईच्या आजारपणात तुमच्याकडे रात्रंदिवस राहिले. तुम्हाला तरी माझं नाव ठाऊक आहे?"

धवलला त्यांचे नाव 'मावशी' एवढेच माहीत होते.

"सॉरी मावशी," तो हळूच म्हणाला. "सांगा, लिहून घेतो."

"सुलक्षणा परब. आणि खाली, घरकाम. मराठीत."

आठवड्याभरात नवी कार्डे आली. अठरा जणींची अठरा नावे. सुलक्षणाबाईंनी आपले कार्ड आधी माझ्यासमोर धरले, जणू मला वाचता येते! मग गळ्यात घालून त्या भांडी घासायला गेल्या.

आता मी खिडकीशी नसतो, टेबलावर असतो. काम आटोपले की सुलक्षणाबाई एखादा शब्द विचारतात आणि काकू शोधून देतात. मी समाधानी आहे. मित्रांनो, जुन्या पुस्तकांना वाळवी लागू देऊ नका, अधूनमधून उघडत जा. पण माझ्यात सगळे काही छापलेले नसते. काकूंनी परवाच 'मेड' शब्दापुढच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिले आहे : 'वापरण्याआधी नाव विचारावे.'